न्यायाधीश दुप्पट केले तर तारखा निम्म्या होतील का?

"वाटपाच्या दाव्याला अकरा वर्षं झाली, अजून साक्षीपुरावाच सुरू आहे. कोर्टात गर्दी तर कायमची. सरकार न्यायाधीशांची संख्या सरळ दुप्पट का करत नाही? केली तर आमच्यासारख्यांच्या तारखा निम्म्या होतील ना?" असा तुमचा प्रश्न आहे.

मी सहा वर्षं वकिली केली आणि पुढची अठ्ठावीस वर्षं न्यायखात्यात काढली. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर म्हणून तालुक्याला लागलो आणि जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालो. न्यायाधीश वाढायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दुप्पट न्यायाधीश म्हणजे दुप्पट निकाल हा हिशेब कोर्टात जुळत नाही. का जुळत नाही, ते एका दिवसावरून सांगतो.

तालुक्याला होतो तेव्हाचा एक मंगळवार. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, ९४ प्रकरणं. जेवणाची सुट्टी सोडून बसायचे साडेपाच तास धरा, म्हणजे ३३० मिनिटं. एका प्रकरणाच्या वाट्याला साडेतीन मिनिटं. शिपायाने पुकारा करायचा, पक्षकार आत येईपर्यंत त्यातलं एक मिनिट गेलेलं. समन्स परत आलेलं नाही, पुढची तारीख. वकीलपत्र दाखल, कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, मुदत हवी. आरोपी गैरहजर, वॉरंट काढा. प्रतिवादी नंबर तीन मयत, वारस लावायचे आहेत. प्रत्येक वेळी रोजनामा, म्हणजे त्या तारखेला काय झालं त्याची नोंद, लिहायचा, सही करायची. दीड वाजला तेव्हा ७० प्रकरणं पुकारून झाली होती, आणि त्यातल्या एकातही मी निवाडा म्हणावा असं काहीही केलं नव्हतं. ते काम कुणीही अनुभवी कारकून करू शकला असता.

दुपारी एक साक्षीदार होता. हद्दीच्या वादातले वादी, वय सत्तरीपुढचं, साक्षीसाठी चौथ्यांदा आलेले. सरतपासाचं, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या सांगण्याचं, शपथपत्र आधीच दाखल होतं, राहिला होता फक्त समोरच्या वकिलाने घ्यायचा उलट तपास. प्रतिवादीचे वकील शेजारच्या कोर्टात गुंतलेले, ते सव्वातीनला आले. मग लघुलेखक नाही. आमच्या दोन कोर्टांत मिळून एकच होता आणि तो शेजारी निकालपत्राचं डिक्टेशन घेत होता. चार वाजून दहा मिनिटांनी उलट तपास सुरू झाला. पाचच्या सुमाराला पोलिसांनी अटकेतला आरोपी रिमांडसाठी हजर केला. ते काम उद्यावर टाकता येत नाही. उलट तपास अर्धवट राहिला, म्हातारबांना पाचवी तारीख दिली. जाताना त्यांनी हात जोडून नमस्कार केला. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आता समजा, त्या दिवशी तिथे आणखी एक न्यायाधीश असता. माझं बोर्ड बरंच हलकं झालं असतं, पुकारा लवकर उरकला असता, बारा वाजताच मी साक्षीला मोकळा झालो असतो. पण वकीलसाहेब सव्वातीनलाच आले असते, कदाचित त्याहूनही उशिरा, कारण आता त्यांना तीन कोर्टांत पळायचं होतं. लघुलेखक दोघांत एक होता तो तिघांत एक झाला असता. मी खुर्चीत रिकामा बसलो असतो आणि म्हातारबा बाहेरच्या बाकावर.

न्यायाधीशाची नेमणूक झाली म्हणजे कोर्ट सुरू झालं असं बाहेरून वाटतं. आत बसणाऱ्याला माहीत असतं की कोर्ट चालवायला लघुलेखक लागतो, सहायक अधीक्षक लागतो, नोंदी ठेवणारे कारकून, नाझर, समन्स बजावणारे बेलिफ, शिपाई, फौजदारी कामाला सरकारी वकील आणि बसायला एक खोली लागते. २०२३ साली सुप्रीम कोर्टाच्या संशोधन केंद्राने जिल्हा न्यायपालिकेचा जो अहवाल काढला, त्यात देशभरात मंजूर न्यायाधीशांच्या मानाने चार हजारांहून जास्त कोर्टहॉल कमी असल्याचं आणि कर्मचाऱ्यांची पावाहून अधिक पदं रिकामी असल्याचं नमूद आहे. म्हणजे आज रिकामी असलेली न्यायाधीशांची सगळी पदं उद्या एका फटक्यात भरली, तर त्यांतल्या बहुतेकांना बसवायचं कुठे हाच पहिला प्रश्न येईल. एका ठिकाणी मी दीड वर्ष रेकॉर्ड रूमच्या अर्ध्या भागात पार्टिशन टाकून कोर्ट चालवलं. साक्षीदाराचा आवाज ऐकू यावा म्हणून पंखा बंद करावा लागे.

बेलिफ हा तर कुणाच्या खिजगणतीतही नसलेला माणूस. दावा दाखल झाला की प्रतिवादीला समन्स बजावायचं असतं. एका बेलिफाकडे वीस-पंचवीस गावं. गावात जावं तर घराला कुलूप. दुसऱ्यांदा जावं तर 'परगावी गेले आहेत' असा शेरा. मग वादीने पुन्हा भत्ता भरायचा, पुन्हा समन्स निघायचं, शेवटी दारावर डकवायचं. यात सात-आठ महिने सहज जातात. तोपर्यंत प्रकरण दर महिन्याला बोर्डावर येतं, पुकारलं जातं, पुढे ढकललं जातं. इथे न्यायाधीश एक असो की चार, काहीही फरक पडत नाही. फौजदारी बाजूला जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या प्रक्रिया संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बजावण्याची सोय आली आहे. ती नीट रुळली तर एका तालुक्यात तिचा उपयोग नव्या न्यायाधीशापेक्षा जास्त होईल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आकड्यांकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नातला 'दुप्पट' हा शब्द आकाशातून पडलेला नाही. १९८७ साली विधी आयोगाच्या १२० व्या अहवालात असं म्हटलं होतं की भारतात १० लाख लोकसंख्येमागे १०.५ न्यायाधीश आहेत, ते ५० करावेत. २००२ साली ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे ५० चं प्रमाण पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने गाठा असा आदेश दिला. पाच वर्षं कधीच उलटली. २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या आणि मंजूर पदं धरली तरी आज हे प्रमाण २१ च्या आसपास आहे, आणि सगळी मंजूर पदं भरलेली कधीच नसतात. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीतल्या मुख्यमंत्री आणि मुख्य न्यायमूर्तींच्या परिषदेत सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर हे सगळं पंतप्रधानांसमोर मांडताना गहिवरले, ते अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. आम्ही ते न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये पाहिलं. कुणी काही बोललं नाही.

तरीही लोकसंख्येची ही मोजपट्टी मला कधी पटली नाही. खटले लोकसंख्येच्या प्रमाणात येत नाहीत. शिक्षण वाढलं, जमिनीचे भाव वाढले, बँकव्यवहार वाढले, लोकांना हक्क कळले की खटले वाढतात. केरळमध्ये हजार माणसांमागे दरवर्षी जितकी नवी प्रकरणं येतात, त्याच्या मानाने झारखंडमध्ये अगदी थोडी येतात. दोन्हीकडे १० लाखांमागे ५० न्यायाधीश दिले तर एकीकडे कमी पडतील आणि दुसरीकडे हात रिकामे राहतील. न्या. ए. पी. शाह यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने २०१४ च्या २४५ व्या अहवालात हेच म्हणून लोकसंख्येचा निकष बाजूला ठेवला आणि निकाली निघण्याच्या वेगावरून गरज काढली. पुढे प्रकरणांना वजन देऊन न्यायाधीशांची गरज ठरवण्याची पद्धत आली, आणि २०१७ च्या जानेवारीत इम्तियाज अहमद खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती तूर्त मान्य केली. वाहतुकीच्या चलानाचं प्रकरण पाच मिनिटांत संपतं, मालकीहक्काच्या दाव्यात निकालपत्रच चाळीस पानांचं होतं. ही दोन्ही 'एक प्रकरण' म्हणून मोजली तर कोणताही हिशेब चुकणारच.

आम्हा न्यायाधीशांच्या कामाचा हिशेबही युनिटांत ठेवला जातो. कुठल्या प्रकारचं प्रकरण निकाली काढलं की किती युनिट, हे ठरलेलं असतं आणि गोपनीय अहवालात ते धरलं जातं. कबूल करतो, महिनाअखेरीला युनिट कमी पडताहेत असं दिसलं की मीही तडजोडीची, एकतर्फा, कबुलीची प्रकरणं वर काढलेली आहेत. तुमच्यासारखा वीस वारसांचा वाटपाचा दावा अशा वेळी कपाटातच राहतो. नवा न्यायाधीश आला तरी त्यालाही युनिटच भरायची असतात, त्यामुळे तोही आधी सोप्या फायलींनाच हात घालतो. एकूण निकाल वाढलेले दिसतात, जुने दावे जागचे हलत नाहीत. पाच-दहा वर्षांपुढच्या प्रकरणांना जास्त वजन द्यायला लागल्यापासून यात थोडा फरक पडला.

जिल्हा आणि तालुका कोर्टांत देशभरात साडेचार कोटींच्या आसपास प्रकरणं प्रलंबित आहेत. मंजूर पदं सुमारे २५ हजार, प्रत्यक्ष काम करणारे सुमारे २० हजार. एका न्यायाधीशामागे सरासरी सव्वादोन हजार. रिकामी पाच हजार पदं भरली तर हा आकडा अठराशेवर येईल. म्हणून कुणी मला विचारलं की नवी पदं निर्माण करायची की रिकामी भरायची, तर मी आधी दुसऱ्या गोष्टीकडे बोट दाखवतो. त्या पदांसाठी कायदा करावा लागत नाही, मंजुरी आणावी लागत नाही. ती आहेतच, कागदावर.

ती रिकामी का राहतात? आमच्याकडे महाराष्ट्रात कनिष्ठ स्तराची भरती राज्य लोकसेवा आयोगामार्फत होते: पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, कागदपत्रांची आणि चारित्र्याची पडताळणी, मग उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण. जाहिरात निघाल्यापासून माणूस खुर्चीत बसेपर्यंत दोन वर्षं सहज जातात. तेवढ्यात वरचे निवृत्त होतात, मधले बढतीवर जातात. वर एक जागा भरली की खाली एक रिकामी होते. मलिक मझहर सुलतान खटल्यात सुप्रीम कोर्टाने भरतीचं महिनेवार वेळापत्रकच घालून दिलं होतं. ते सगळीकडे पाळलं गेलं असतं तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. जिल्हा न्यायाधीशाची काही पदं सात वर्षं वकिली झालेल्यांतून थेट भरली जातात. त्या परीक्षेत पुरेसे उमेदवारच उत्तीर्ण होत नाहीत, आणि ज्यांची वकिली जोरात चालते ते चाळिशीनंतर बदल्यांची नोकरी पत्करायला तयार नसतात. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कनिष्ठ स्तरासाठीही तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. मला ती आवडली. कॉलेजातून थेट आलेल्या हुशार मुलांना मी निशाणी पाचचा अर्ज, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज, समोर आल्यावर गोंधळताना पाहिलं आहे. मात्र पहिली काही वर्षं उमेदवार कमी होतील, हेही धरून चालायला हवं.

आता समजा, पद मंजूर झालं, भरलं गेलं, हॉलही मिळाला. पुढचा अनुभव सांगतो. मी वरिष्ठ स्तरावर असताना आमच्या ठिकाणी आणखी एक कोर्ट सुरू झालं. समारंभ झाला, फीत कापली, नवे साहेब रुजू झाले. मग आमच्या प्रत्येकाच्या बोर्डावरची काही प्रकरणं त्यांच्याकडे वर्ग करायची ठरली. कुठली? विषम नंबरची. फायली बांधल्या, याद्या केल्या, पक्षकारांना नोटिसा काढल्या. निम्म्या पक्षकारांना कळलंच नाही की दावा वर्ग झाला आहे. ते जुन्या कोर्टाच्या दारात बसून राहिले आणि नव्या कोर्टात गैरहजर लागले. काही दावे गैरहजेरीत निघाले, ते पुन्हा फायलीवर घेण्याचे अर्ज आले. ज्यांचा युक्तिवाद माझ्यापुढे अर्धा झाला होता, त्यांचा तो नव्याने सुरू झाला. साक्षीदाराला बोलताना मी पाहिलं होतं, नव्या साहेबांनी नुसता कागद वाचला. पहिले सहा महिने त्या गावात आधीपेक्षाही कमी निकाल लागले.

आणि वकील? गावात दिवाणी काम खऱ्या अर्थाने चालवणारे ज्येष्ठ वकील आठ-दहा. आधी ते चार कोर्टांत वाटले गेलेले होते, आता पाच कोर्टांत. सकाळी अकरा ते एक या वेळात एक माणूस पाच दारांत उभा राहू शकत नाही. 'वकीलसाहेब वरच्या कोर्टात आहेत, थोड्या वेळाने पुकारावं' हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकलं, तितकं दुसरं कुठलंही ऐकलं नसेल. न्यायाधीशांची संख्या सरकार वाढवू शकतं; एका वकिलाचे तास कोण वाढवणार? यावर उपाय वेळापत्रकाचा आहे. मी पुढे जिल्ह्याला असताना एक गोष्ट करून पाहिली. तीन शेजारच्या कोर्टांनी मिळून साक्षीचे वार वाटून घेतले: सोमवार आणि मंगळवार एका कोर्टात साक्षी, बाकीच्या दोघांनी त्या दिवशी अर्ज, युक्तिवाद आणि निकालपत्रं. बार असोसिएशनने आधी कुरकुर केली, मग तिसऱ्या महिन्यात त्यांनीच ते सुरू ठेवा म्हणून सांगितलं. माझी बदली झाल्यावर ते बंद पडलं. तो आमच्या खात्याचा कायमचा आजार: तीन वर्षांत माणूस बदलतो आणि त्याच्याबरोबर त्याने बसवलेली घडीही विस्कटते.

एवढं सगळं असूनही वाढीव न्यायाधीश कामाला येतात, पण कुठला साठा आणि कुठला ओघ हे आधी वेगळं केलं तर. समजा एका कोर्टात २४०० प्रकरणं तुंबली आहेत, वर्षाला ९०० नवी येतात आणि ८५० निघतात. दरवर्षी ५० ची भर पडते. ओघ बरोबरीत आणायला इथे पूर्ण न्यायाधीशही लागत नाही. नेटकं वेळापत्रक आणि एक लघुलेखक पुरेल. साठा उपसायला मात्र चार-पाच वर्षांसाठी जादा माणूस हवा, आणि साठा संपला की त्याची तिथे गरज उरत नाही. पहिल्या कामाला कायमची पदं, दुसऱ्याला ठरावीक मुदतीची नेमणूक, असा साधा विचार आहे. विधी आयोगाच्या २४५ व्या अहवालातही बरोबरी साधायला किती न्यायाधीश लागतील आणि साठा संपवायला किती, हे वेगवेगळं काढलं होतं.

मुदतीच्या नेमणुकांचा आपला अनुभव संमिश्र आहे. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २००० साली १,७३४ जलदगती न्यायालयांना केंद्राने पैसा दिला. निवृत्त न्यायाधीश घेतले, सेशन्सच्या जुन्या केसेस त्यांच्याकडे दिल्या. जिथे स्वतंत्र कर्मचारी आणि स्वतंत्र सरकारी वकील दिला तिथे कच्च्या कैद्यांच्या केसेस भराभर निघाल्या, हे मी जवळून पाहिलं आहे. मार्च २०११ मध्ये केंद्राचा पैसा थांबला. राज्यांनी काही कोर्टं चालवली, काही बंद केली, आणि बंद झालेल्यांच्या फायली परत नेहमीच्या कोर्टात आल्या. पुढे २०१९ नंतर बलात्कार आणि पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसेससाठी विशेष जलदगती न्यायालयं आली. पण एखाद्या जिल्ह्यात असलेल्याच न्यायाधीशाला तो कार्यभार दिला, तर पाटी नवी लागते आणि माणूस तोच राहतो. पोक्सोची केस पुढे सरकते आणि मोटार अपघाताच्या भरपाईचा अर्ज मागे पडतो.

हायकोर्टांसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२४अ मध्ये निवृत्त न्यायमूर्तींना परत बोलावण्याची सोय जुनी आहे, आणि ती जवळजवळ वापरलीच गेली नाही. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला वाट करून दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये अटी सैल करून, फौजदारी अपिलांसाठी मंजूर संख्येच्या १० टक्क्यांपर्यंत असे न्यायमूर्ती घेता येतील असं सांगितलं. हायकोर्टांची मंजूर संख्या आज ११०० च्या पुढे आहे, मुंबई हायकोर्टाची ९४. ती पूर्ण भरलेली माझ्या हयातीत मी पाहिलेली नाही. सुप्रीम कोर्ट १९५० मध्ये आठ न्यायमूर्तींच्या मंजूर संख्येने सुरू झालं. संख्या वाढत वाढत २०१९ मध्ये ३४ झाली. तरी तिथे आज ८० हजारांहून अधिक प्रकरणं आहेत. कोर्ट मोठं झालं तसं लोक जास्त आशेने तिथे जाऊ लागले. तालुक्यात निकाल वाढले की जिल्ह्यात अपिलं वाढतात, जिल्ह्यात वाढले की हायकोर्टात दुसरी अपिलं. खालच्या पायरीवर माणसं वाढवताना वरच्या पायरीचाही विचार करावा लागतो. नाही तर तुमचा दावा सहा वर्षांत लागेल आणि अपील चौदा वर्षं पडून राहील.

ओघ येतो कुठून, याबद्दल फार कमी बोललं जातं. १ एप्रिल १९८९ पासून चेक न वटणं हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली गुन्हा झाला. हेतू चांगला होता. पण त्या एका कलमाने देशभरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टांत लाखो प्रकरणं आणली आणि त्यासाठी तेव्हा एकही न्यायाधीश वाढवला नव्हता. नवा कायदा करताना त्यामुळे किती खटले वाढतील आणि त्याला किती कोर्टं लागतील याचा अंदाज आधी काढावा, असं सुप्रीम कोर्टाने २००५ साली सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या खटल्यात सुचवलं, त्यावर न्या. जगन्नाथ राव समितीने अहवालही दिला. कायदे होतच राहिले, अंदाज कुणी काढला नाही.

दुसरा मोठा पक्षकार म्हणजे खुद्द सरकार. भूसंपादनाच्या वाढीव भरपाईच्या प्रकरणांनी आमच्या जिल्हा कोर्टांची कपाटं भरलेली असतात. कोर्ट भरपाई ठरवतं, पैसे मिळत नाहीत, मग शेतकरी दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करतो. दरखास्तीत जप्तीचं वॉरंट निघतं, बेलिफ कचेरीतल्या खुर्च्या जप्त करायला जातो, साहेब 'पंधरा दिवसांची मुदत द्या' म्हणतात. एकाच वादाची अशी दोन प्रकरणं होतात, कधी तीन. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या साडेआठ लाखांहून अधिक दरखास्ती देशात पडून आहेत, असा आकडा २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आला, आणि त्यात सगळ्यांत जास्त महाराष्ट्रातल्या निघाल्या. सरकारने पैसे वेळेवर भरले तर सरकारविरुद्धच्या दरखास्ती चालवणारे न्यायाधीश एकही नवं पद न काढता मोकळे होतील.

लोकअदालतीबद्दलही लोक विचारतात. तिथल्या आकड्यांत बँकांच्या थकबाकीची आणि चलानांची दाखलपूर्व प्रकरणं पुष्कळ असतात. ती कोर्टात आलेलीच नसतात, त्यामुळे बोर्ड त्याने फारसं हलकं होत नाही.

माझ्या हातात असतं तर मी क्रम असा लावला असता. आधी रिकामी पदं, आणि प्रत्येक न्यायाधीशाबरोबर लघुलेखक आणि बेलिफ हे एकाच आदेशात. मग पुकाऱ्याची सकाळ न्यायाधीशाकडून काढून घेणं: समन्स, वकीलपत्र, वारस, कागद दाखल करणं ही कामं एका न्यायिक निबंधकाने करावीत, वाद असेल तेवढंच न्यायाधीशापुढे यावं. हायकोर्टांत निबंधकांकडे अशी कामं असतात, तालुक्यात का नसावीत हे मला कळलेलं नाही. त्यानंतर जे कोर्ट तरीही तुंबलेलं राहील तिथे नवं पद, आणि तेही प्रकरणांच्या वजनावरून. एका जिल्ह्यात तीन द्यावी लागतील, शेजारच्यात एकही नाही. आमदारसाहेबांच्या पत्रावरून कोर्ट मंजूर होतं आणि चारशे प्रकरणांसाठी इमारत उभी राहते, असंही मी पाहिलं आहे.

आता तुमच्या दाव्याबद्दल. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाका. मागच्या तारखांची यादी येईल, प्रत्येक तारखेला काय झालं तेही बहुतेक ठिकाणी दिसेल. जे दिसणार नाही त्या रोजनाम्याची नक्कल मागा, खर्च किरकोळ असतो. मग वहीवर चार रकाने आखा: न्यायाधीश रजेवर किंवा पद रिकामं; समन्स किंवा वारस; आमच्या बाजूने मुदत; समोरच्यांची मुदत. अकरा वर्षांच्या तारखा त्यांत भरा. वाटपाच्या दाव्यात दुसरा रकाना मोठा निघण्याची शक्यता जास्त, कारण अकरा वर्षांत कुणी ना कुणी वारतंच आणि वारस लावायचा नव्वद दिवसांचा अवधी चुकतोच. तसं असेल तर कुटुंबातल्या सगळ्या शाखांची आजची नावं आणि पत्ते एका कागदावर लिहून वकिलांना द्या, मागितल्याशिवाय द्या.

चौथा रकाना मोठा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ नियम १ वकिलांना दाखवा: सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या नाहीत. सुप्रीम कोर्टाने अगदी अपवादाच्या प्रसंगी सूट ठेवली आहे, पण खर्च बसवायला न्यायाधीशाला कुणी अडवलेलं नाही. तुमच्या वकिलांनी हरकत लेखी नोंदवली तर ती रोजनाम्यात येते. तोंडी घेतलेली हरकत बाहेर पडेपर्यंत विरून जाते. दावा जुना असल्याने लवकर चालवण्याचा अर्जही देता येईल, त्यात वादीचं वय लिहा.

पहिला रकाना सगळ्यांत मोठा निघाला, तर तुमच्या बाबतीत माझं उत्तर चुकलं आणि तुमचं बरोबर. मग तोच कागद, तारखांसकट, प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे अर्जाला जोडा आणि जिथे न्यायाधीश आहे अशा कोर्टात दावा वर्ग करण्याची मागणी करा. मी त्या खुर्चीत असताना असे अर्ज वर्षाला दोन-तीनच येत. आलेले मी त्याच दिवशी वाचत असे.

आणि तिसरा रकाना मोठा निघाला तर तो कागद आधी घरात सगळ्यांना दाखवा.